अहो, निवडुंग विकत आणलाय म्हणे!

ऐकलं का? औंधात लोक आता निवडुंग विकत घ्यायला लागलेत. रोख पैसे मोजून! चहाच्या कपाएवढी कुंडी, तीत अंगठ्याएवढा काट्यांचा गोळा, आणि मोटारसायकलवर मागे बसलेल्या वहिनी तो मांडीवर तान्ह्या बाळासारखा सांभाळत घरी नेतात. वर विचारतात काय, तर "ह्याला ऊन सोसेल ना हो?" खटावच्या वैशाखात निवडुंगाला ऊन सोसेल का! ज्या आजोबांनी बांधावरचा फड्या निवडुंग कुदळीनं उपसला, ते यावर काय बोलले असते ते छापता येणार नाही.

बरं, हा घराण्याचाच प्रश्न आहे. १९१० साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली, तेव्हा तिथं होतं काय? निवडुंग आणि साप. ते हटवलं तेव्हा किर्लोस्करवाडी उभी राहिली, लोखंडी नांगर निघाले. आणि आता त्याच संस्थानातली नातवंडं निवडुंगाला नावं ठेवतात. म्हणजे चांगली नावं हो! एकाचं नाव चक्क 'गोलू' आहे.

त्यातही फसवणूक किती! त्या लाल-पिवळ्या टोपीच्या कॅक्टसवर सगळ्यांचा जीव. ती टोपी म्हणजे कलम. तिच्यात हरितद्रव्य नाही, स्वतःचं अन्न करायची अक्कल नाही, सगळं खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावर. खुंट दमला की टोपीचाही कारभार आटोपला. (अशी माणसंही आपण पाहिलीत, पण तो विषय नंतर.) आणि काही कुंड्यांतल्या काटेरी गोळ्यावर जे गुलाबी फूल महिनाभर कोमेजत नाही ना, ते जरा नखानं उचलून बघा. वाळलेलं फूल, गरम गोंदानं चिकटवलेलं!

रोपवाटिकेत मे अखेरीस बाकीच्यांचे काय हाल! हिरव्या जाळीखाली सकाळ-संध्याकाळ पाणी, मृगासाठी काळ्या पिशव्यांत माती, वाळू, शेणखत भरायचं, तण उपटायचं. त्या कडाक्यात कुंडी बदलायची नाही, खताचा डोसही नाही. आंबा-चिक्कूची कलमं माना टाकून बसलेली, आणि निवडुंग मात्र पाण्याला हात लावू देत नाही, तरी मिजास तीच. रोपवाल्याला मात्र रोहिणी नक्षत्र लागलं की निवडुंग खपवायची घाई होते. कारण साधं आहे: पाऊस लागला की कुंडीत पाणी साचतं, बुडखा मऊ पडतो आणि चार दिवसांत काट्यांसकट लगदा. ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर.

आणि खरा गहजब तर शेतातच. आटपाडी-जतकडे तेल्या रोगानं बेजार झालेल्या कैक डाळिंबवाल्यांनी सिमेंटचे खांब रोवून ड्रॅगन फ्रूट लावलंय. एका खांबाला चार रोपं, वर चक्र. गुजरात सरकारनं २०२१ मध्ये त्याचं 'कमलम' असं बारसं केलं, पण जातीनं तेही निवडुंगच! लहानपणी निवडुंगाची बोंडं खाऊन ओठ लाल केले की घरी फटके बसायचे. आता तसल्याच कुळाचं फळ ताटात मध्यभागी, आणि पाहुण्यांना कौतुकानं, "घ्या ना, औषधी असतं." फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं, तेवढ्यासाठी बॅटऱ्या घेऊन मळ्यात फोटोला जाणारेही आहेत. मे महिन्यात हाच पठ्ठ्या उन्हानं पिवळा पडतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर जाळी धरावी लागते. निवडुंगाला सावली! ऐका आणि गप्प बसा.

तरीही आणायचाच असेल, तर मृगाचा पहिला शिंतोडा पडायच्या आत कुंडी पत्र्याखाली सरकवा आणि पावसाळाभर पाणी विसरा. ड्रॅगनची फांदी हवी असेल तर विकत घेऊ नका, ओळखीच्या मळ्यातून मागून आणा. फक्त काप सावलीत आठवडाभर सुकू द्या आणि मगच लावा. ओला काप मातीत गेला की कुजतो.