मेत्तूर कधी उघडतं?

(तंजावर जिल्ह्यातलं पापनाशम. मे २०२४. ओटीवर सासरे पेपर वाचताहेत. पुण्याच्या जावयाच्या मांडीवर लॅपटॉप.)

जावई : बाबा, माझं काम म्हणजे प्रिमावेरा.

सासरे : काल तुम्ही आम्हाला करून घातलंत तेच ना? फ्लॉवर, गाजर आणि शेवयांचं?

जावई : तो पास्ता प्रिमावेरा. न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात गाजलेला. हे सॉफ्टवेअर आहे.

सासरे : आणि फोटोत जिच्यावर बसला होतात ती?

जावई : ती स्कूटर. व्हेस्पा प्रिमावेरा. पहिली १९६८ साली आली.

सासरे : हप्ता कशाचा भरता मग?

जावई : फ्लॅटचा. बिल्डरनं आमच्या विंगला तेच नाव दिलंय.

सासरे : म्हणजे तुम्ही प्रिमावेरात राहता, प्रिमावेरा खाता, प्रिमावेरावर बसता आणि पगारही प्रिमावेराचाच घेता. आमच्याकडे एवढं सगळं एकटा तांदूळ करतो.

जावई : इटालियन शब्द आहे, बाबा. स्पॅनिश, पोर्तुगीजमध्येही तोच. अर्थ वसंत. बॉटिचेल्लीचं चित्र आहे फ्लॉरेन्सला. विवाल्दीच्या चार ऋतूंमधला पहिला तोच, १७२५ साली छापलेला. मिलानहून सान रेमोला सायकलची शर्यत असते मार्चात, १९०७ पासून. तिलाही लोक प्रिमावेराच म्हणतात.

सासरे : मग आमच्या वसंतासारखंच की. राग वसंत, देवळातला वसंतमंडप आणि माझा चुलतभाऊ वसंतराव. फक्त वसंतरावाला कुणी हप्त्यांवर विकला नाही. विंगेत पाणी कसं आहे?

जावई : उत्तम. मार्चपासून टँकर लागतो, एवढंच.

सासरे : मग नाव चपखल आहे. वसंत लागला की टँकर.

जावई : चेष्टा राहू द्या. मेट्रोची कामं होतात यावर. कुठलं काम कशाआधी, कुठल्याला किती दिवस, सगळं आखून मिळतं. तुमच्या शेताचंही करून देतो. पहिलं काम सांगा.

सासरे : कावेरीवरचं मेत्तूर धरण उघडणे.

जावई : तारीख?

सासरे : १२ जून.

जावई : वा! तारीख ठरलेली आहे, मग अडचणच नाही. पुढे?

सासरे : कल्लणैच्या बंधाऱ्याला पाणी यायला तीनेक दिवस. तिथून फाट्याफाट्यांनी आमच्या कालव्यात. मग भाताची पहिली खेप, कुरुवै. ती निघाली की ताळडी. कुरुवै चुकली तर सरळ संबा. २८ जानेवारीला मेत्तूर बंद.

जावई : (टाइप करीत) बघा, कशा निळ्या पट्ट्या उमटल्या. आता मेत्तूर उघडण्याआधीचं काम सांगा. प्रत्येक कामाला काहीतरी आधीचं लागतं.

सासरे : कोडगूत पाऊस.

जावई : किती दिवस धरू?

सासरे : (चष्म्यावरून बघत) तुम्हीच धरा. आम्हाला आजवर धरता आला नाही.

जावई : बरं, तीस धरतो. आणखी?

सासरे : पाऊस आणि मेत्तूरच्या मध्ये कर्नाटक आहे. त्याचीही एक पट्टी काढा. १९९० साली कावेरीचा लवाद बसला, २००७ साली निवाडा झाला, २०१८ साली सुप्रीम कोर्टानं १७७.२५ टीएमसी आकडा दिला. या कामाला किती दिवस धरता?

जावई : बाबा, तो बाह्य घटक झाला.

सासरे : तुमचं यंत्र ज्याला बाह्य म्हणतं, ते आमच्या बांधाच्या आत आहे. २०२२ ला मेत्तूर २४ मेलाच उघडलं, तेव्हा आमची पळापळ. गेल्या साली १२ जूनला उघडलं खरं, पण ऑक्टोबरातच मिटलं. संबा निम्मा करपला. दाखवा बरं त्याची पट्टी.

जावई : ती लाल येईल.

सासरे : आम्हाला पिवळी दिसली. शेतात.

(आतून सासूबाई : "कॉफी निवतेय!" कुणी उठत नाही.)

जावई : राग मानू नका, पण तीन एकरांपायी दर वर्षी हेच? विकून टाका. आमच्याच विंगेत शेजारचा फ्लॅट रिकामा आहे. दोघंही या.

सासरे : तुमच्या वसंतात भात पिकतो का?

जावई : भात विकत मिळतो, बाबा.

सासरे : मिळतो. कुणीतरी शेत विकलं नाही म्हणून मिळतो.

जावई : हे बोलायला छान आहे. गेल्या वर्षी हातात किती राहिले ते सांगा.

सासरे : (पेपरची घडी घालत) ते विचारू नका.

जावई : तेच तर विचारायचं असतं! तुमची मुलगी रात्री झोपत नाही तुमच्या काळजीनं. हे मी सॉफ्टवेअरमधून काढलेलं नाही.

सासरे : (बऱ्याच वेळानं) तिला सांगा, साडेतीनशे वर्षं झाली आपल्या मराठी लोकांना इथे येऊन. इतक्या वर्षांत कालवा कोरडा पडलेला पाहिला नाही, असा एक माणूस दाखव म्हणावं.

जावई : मग म्हणून काय, आपणही पाहत राहायचं?

सासरे : कॉफी निवली.

(दोघे आत जातात. लॅपटॉप ओटीवरच उघडा राहतो, निळ्या पट्ट्यांसकट.)

त्या वर्षी मेत्तूर २८ जुलैला उघडलं. लॅपटॉपवर अजून १२ जूनच आहे.