जरा लवकर पोचलेल्या चोरास

रा. रा. खलनायकसाहेब यांस,
मु. पो. सलूनच्या मागची खोली, मूकपटातलं कुठलंही गाव, अमेरिकेची पश्चिम.

सा. न. वि. वि.

पत्राला शंभर-सव्वाशे वर्षं उशीर झाला, क्षमा असावी. खरं तर १९०३ साली तुम्ही आमच्यावर गोळी झाडलीत तेव्हाच जाब विचारायला हवा होता. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' म्हणतोय मी. एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टरने काढलेला जेमतेम बारा मिनिटांचा चित्रपट. तेवढ्या वेळात तुम्ही तारमास्तरच्या मुसक्या बांधल्यात, डब्यातली तिजोरी सुरुंगाने उडवलीत, उतारूंना हात वर करून रांगेत उभं केलंत आणि त्यातला एक पळू लागला तर त्याच्या पाठीत गोळी घातलीत. मग रानात लुटीची वाटणी करताना स्वतःही मेलात. इथवर ठीक. पण मेल्यावर पुन्हा पडदाभर चेहरा घेऊन आलात आणि प्रेक्षकांच्या तोंडावर पिस्तूल रोखलंत! हा तुकडा खेळाच्या आधी लावा नाहीतर शेवटी, मर्जी तुमची, असं कंपनीनेच खेळवाल्यांना कळवलं होतं. आणि हा सगळा पराक्रम कुठे, तर न्यू जर्सीत, न्यूयॉर्कच्या परसात. पश्चिमेचं तोंड न बघता पश्चिमेचे नामचीन दरोडेखोर होण्याला कर्तृत्वच लागतं.

पुढची पंचवीस वर्षं तुम्ही तोच गल्ला राखलात. म्हाताऱ्याचं कुरण गहाण, कागद तुमच्या खिशात, शेरीफ दुसऱ्या खिशात, पाण्याचा झरा कुंपणाच्या आत आणि म्हाताऱ्याच्या मुलीवर डोळा. हाताशी डझनभर माणसं, प्रत्येकाकडे बंदूक, आणि तरी शेवटच्या रिळात दरीत कोसळणार तुम्हीच. एकदा तरी वकील करून बघायचात! समोरून येणार कोण, तर नायक टॉम मिक्स आणि त्याचा टोनी घोडा. त्या टोनीचं नाव जाहिरातीत झळकायचं. १९२२ साली 'जस्ट टोनी' नावाचा चित्रपटच निघाला. तुमच्या वाट्याला काय आलं? मिशी.

एक आळ मात्र तुमच्यावर उगाच आहे, तो आधी काढून टाकतो. नायिकेला रुळाला बांधणारा म्हणून जग तुम्हाला ओळखतं. पण ते चित्र लोकांच्या मनात ठसवलं ते बरंचसं विनोदी पटांनी. १९१३ साली विनोदी पटांच्या मॅक सेनेटने नटी मेबल नॉर्मंडला रुळावर निजवलं ते तुमची टर उडवायलाच. आणि ही युक्ती ज्यामुळे गाजली त्या १८६७ च्या नाटकात रुळाला बांधला होता पुरुष, आणि त्याला सोडवणारी होती बाई. तेव्हा या कलमाखाली तुम्ही निर्दोष.

सोंगांच्या बाबतीत मात्र तुम्हाला निर्दोष म्हणता येत नाही. १९१६ च्या 'हेल्स हिंजेस'मध्ये तुम्ही सिल्क मिलर नावाचे सलूनमालक होतात. पाद्र्याला दारू पाजून वाया घालवणारे. तुमची ओळख करून देणारी पाटी तुम्हाला मेक्सिकनांची लबाडी आणि विषारी सापाचा दगा एकाच दमात चिकटवते. लबाडी तुमची एकट्याची, शिवी अख्ख्या मुलखाला. काही वेळा तर शिवी चित्रपटाच्या नावातच असायची. हे इतकं चाललं की १९२२ साली मेक्सिकोच्या सरकारने अशा कंपन्यांच्या चित्रपटांवर बंदी घातली. तुम्ही काय केलंत? दुसरी टोपी घातलीत.

आता मुद्द्याचं बोलू.

१९२४ साली जॉन फोर्डच्या 'द आयर्न हॉर्स'मध्ये तुम्ही डेरू नावाचे जमीनदार होतात. चेयेन टोळीवाल्याचा वेश घेऊन नायकाच्या बापाला मारलंत आणि हाताला दोनच बोटं असल्यामुळे ओळखले गेलात. पण तुमचा खरा कट काय होता? रेल्वे जवळच्या खिंडीतून न जाता वळसा घेऊन तुमच्या जमिनीतून जावी. बस्स? अहो, रस्ता आपल्या शेतावरून वळवून घेणं हा गुन्हा आहे हे आमच्याकडे कुणाला सांगितलं तर चहा सांडेल त्याचा. आणि खुद्द त्या रेल्वेचं काय चाललं होतं? सरकार कंपन्यांना मैलामागे कर्ज देत होतं, सपाटीला सोळा हजार डॉलर, डोंगरात अट्ठेचाळीस हजार, वर रुळांच्या दोन्ही बाजूंना जमीन. मैल वाढले की पैसा वाढला. युनियन पॅसिफिक कंपनीच्या थॉमस ड्युरंटने ओमाहापाशीच मार्गाला लांबलचक वळसा घातला. त्याला दहाही बोटं होती, म्हणून ओळखायला वेळ लागला असेल. कंपनीच्या कारभाऱ्यांनीच क्रेडिट मोबिलियर नावाची दुसरी कंपनी थाटून बांधकामाची फुगवलेली बिलं स्वतःलाच लावली आणि तिचे शेअर स्वस्तात खासदारांना वाटले. १८७२ मध्ये हे बाहेर आलं. शिक्षा? दोन खासदारांची निंदा करणारा ठराव. दरीत कुणीही कोसळलं नाही. पडद्यावर मात्र १० मे १८६९ चा पूर्व-पश्चिम रूळजोडणीचा सोहळा थाटात पार पडला आणि चोर ठरलात एकटे तुम्ही.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण परवा पुन्हा 'टंबलवीड्स' पाहिला. १९२५ चा, नट विल्यम हार्टचा शेवटचा चित्रपट. लॅपटॉपवर, आवाज बंद करून, कारण मागाहून जोडलेला पियानो फार आग्रह करतो. साठीला आलेला हार्ट, दगडात कोरल्यासारखा चेहरा. गुरांचे शेवटचे कळप मुलूख सोडून निघतात तेव्हा गुराखी डोक्यावरच्या टोप्या काढतात. मग धावत जाऊन मोकळी जमीन धरायला सीमेवर गाड्या-घोड्यांची रांग. तोफ होते आणि ती रांग फुटते. पडद्यावर नुसती धूळ आणि चाकं. मागे राहिलेला हार्ट घोडा असा सोडतो की एका क्षणी खाली काही नाही, फक्त आभाळ आणि घोड्याचं पोट. तिथे मी तीनदा मागे गेलो. असं दृश्य आजही कुणी सहज काढू शकणार नाही.

आणि त्यात तुम्ही कोण होतात? नोल लॅसिटर, नायिकेचा सावत्र भाऊ. गुन्हा काय? पहारा चुकवून शर्यतीआधीच आत घुसलात आणि पाण्याची मोक्याची जागा धरून बसलात. वर नायकालाच घुसखोर ठरवून सैनिकांच्या कोंडवाड्यात अडकवलंत. नीच माणूस! लोक बारा वाजेपर्यंत थांबले होते हो, सचोटीने.

कशासाठी थांबले होते ते सांगतो. १६ सप्टेंबर १८९३, भर दुपारी, चेरोकी आउटलेट. साठ लाख एकरांच्या आसपास जमीन, धावायला एक लाखाच्या वर माणसं, घोड्यांवर, गाड्यांतून, कुणी सायकलवरसुद्धा. पूर्वेकडच्या मूळ गावांतून चेरोकींना उठवताना करारनाम्याने त्यांना दिलेला हा मुलूख. ते तो गुरंवाल्यांना भाड्याने देत आणि भाडं खात. १८९० साली अध्यक्ष हॅरिसनने गुरं हलवायचा हुकूम काढला, भाडं बंद झालं, आणि मग सरकारने सांगितलेल्या भावाला, एकरी दीड डॉलरच्याही आत, त्यांना तो विकावा लागला. सगळं कागदावर. सही, शिक्का, तोफेचा बार.

म्हणजे बघा, एका लाखाची झुंड दुसऱ्याच्या मुलखात बारा वाजता घुसली तर ती शूर आणि तुम्ही थोडे आधी घुसलात तर तुम्ही बदमाश. तुमचा गुन्हा जमिनीचा नव्हताच, घड्याळाचा होता. आणि खरा राग याचाच येतो. तुम्ही इतकी वर्षं मिशीला पीळ भरत पुढे उभे राहिलात आणि सगळी वाईट नजर स्वतःवर ओढून घेतलीत, म्हणून मागचा मोठा व्यवहार साहस म्हणून खपला. ड्युरंटने, हॅरिसनने तुम्हाला पगार द्यायला हवा होता. तुम्ही फुकटात दरीत उड्या मारल्यात.

आता खटला तरी कसा चालवायचा? पुरावे जळाले. १९३७ च्या जुलैत न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथे फॉक्सचं गोदाम पेटलं, त्यात टॉम मिक्सचे कितीतरी चित्रपट गेले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली मोजलं, तर अमेरिकेच्या मोठ्या मूकपटांपैकी मूळ रूपात पूर्ण उरलेत ते फक्त १४ टक्के. तुमचे बहुतेक गुन्हे आणि बहुतेक मरणं कायमची गेली. संशयाचा फायदा घ्या आणि पुढच्या वेळी दरीत पडताना दोन-चार नावं तरी घेऊन पडा.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
पुढच्या रांगेतला एक प्रेक्षक

ता. क. : तोफेआधी घुसणाऱ्या तुमच्यासारख्यांना तिकडे 'सूनर' म्हणत. तो मुलूख आता ओक्लाहोमा राज्यात आहे आणि राज्याचं टोपणनावच 'सूनर स्टेट' आहे. तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ 'सूनर्स' म्हणून खेळतो. संघाने गुण मिळवले की दोन पांढरी तट्टं जुंपलेली एक छोटी छपरी गाडी मैदानात धावत येते आणि प्रेक्षक उभे राहून ओरडतात.