दारातलं पार्सल आणि पंचवटीचा न्याय

नाशकात दारातून वस्तू जाण्याची परंपरा जुनी आहे. दुधाची पिशवी जाते. रविवारची पुरवणी जाते आणि मुख्य अंक राहतो, म्हणजे चोर रसिक आहे. कंपाउंडच्या जास्वंदीवर पहाटेच हात पडतो. हा चोर कानाला मफलर गुंडाळून, काठीला आकडा बांधून येतो आणि हटकलं तर "देवाला" म्हणतो. देवच सामील म्हटल्यावर तक्रार कुणाकडे न्यायची? चप्पल गेली तर घरातली वडीलधारी मंडळी खूशच होतात, कारण साडेसाती गेली. त्यातून ती शनिवारी देवळाबाहेरून गेली तर पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात.

आमच्या जिल्ह्यातला चोर बाजारभावही बघून असतो. २०१९ च्या सप्टेंबरात कांदा महागला तेव्हा कळवण तालुक्यात एका शेतकऱ्याचा साठवून ठेवलेला कांदा रातोरात गेला, तोही लाखाच्या घरातला. लोकांनी हळहळ व्यक्त केली, पण त्यात थोडा अभिमानही मिसळलेला होता. कांद्याला सोन्याचा मान शेवटी चोरांनीच दिला!

या यादीत पार्सल अगदी अलीकडे आलं. पूर्वी पोस्टमन सही घेतल्याशिवाय रजिस्टर सोडत नसे. आपल्याकडे पेन नसेल तर स्वतःचं द्यायचा आणि आठवणीने परत घ्यायचा. पुढे ऑनलाइन खरेदी आली तरी बराच काळ आपला विश्वास ‘कॅश ऑन डिलिव्हरी’वरच होता. पैसे दारात मोजून द्यायचे, त्यामुळे माल आणि मालक यांची समोरासमोर गाठ पडायची. चोराला मध्ये शिरायला फटच नव्हती. २०१६ साली यूपीआय आलं आणि पैसे आधीच जाऊ लागले. २०२० साली कोरोना आला आणि दारावर ‘पार्सल बाहेर ठेवा’ अशा चिठ्ठ्या लागल्या. कोरोना ओसरला, चिठ्ठ्या फाटल्या, सवय मात्र राहिली. आता डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोन आला की आपण ऑफिसातूनच सांगतो, "दादा, शू रॅकवर ठेवून द्या." तो ठेवतो आणि फोटो पाठवतो. फोटोत आपलं दार असतं, पार्सल असतं आणि कोपऱ्यात त्याच्या बुटाचं टोक असतं. पुष्कळदा पार्सलचं अंत्यदर्शन ते हेच.

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ही अंत्यदर्शनं वाढली तशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर चौकशी सुरू झाली. "माझं पार्सल कुणी चुकून घेतलं आहे का?" यातल्या ‘चुकून’वर सोसायटीची सगळी सभ्यता उभी होती. त्यावर कुणीतरी साळसूदपणे विचारायचं, "काय होतं त्यात?" की ग्रुपवर शांतता. कारण एकात केसांचा कलप असायचा, दुसऱ्यात पोट आत ओढणारा पट्टा आणि तिसऱ्यात नवऱ्याला जिची किंमत निम्मीच सांगायची होती अशी साडी. पोलिसांत जायचं तर पंचनाम्यात हे सगळं आलं असतं. आमच्या चोराचं खरं बळ त्याच्या हातचलाखीत नव्हतं, आमच्या लाजेत होतं.

शेवटी गच्चीवर मीटिंग बोलावली. आधी सीसीटीव्ही पाहिला. कॅमेरा वॉचमनच्या खुर्चीवर रोखलेला होता आणि खुर्ची जागेवर असल्याचं त्यात स्पष्ट दिसत होतं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, दिवसभर बॅगा घेऊन पोरं येतात नि बॅगा घेऊनच जातात. आणतो कोण आणि नेतो कोण, कसं ओळखू?" त्याचं बरोबर होतं.

मग दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त वकीलसाहेब उठले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तेव्हापासून ते कायदा समजावायची संधी शोधतच होते. त्यांनी सांगितलं, "चोरीचं कलम आता ३०३. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण माल पाच हजारांच्या आतला असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि चोराने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणजे सामाजिक सेवा." सभेत एकदम चैतन्य आलं. आमच्या सोसायटीतलं एकही पार्सल पाच हजारांच्या वर जात नव्हतं.

"म्हणजे त्याच्याकडून पाण्याची टाकी धुऊन घेता येईल?" खजिनदारांनी विचारलं.

"काय सेवा ते कोर्ट ठरवतं."

"जिन्याचा झाडू तरी?"

सफाईवाल्या मावशी गावी गेल्या होत्या, त्यामुळे चोराची गरज सगळ्यांनाच जाणवू लागली.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअर मुलाने मोबाइल काढून एक व्हिडिओ लावला. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीवर काम केलेला नासाचा माजी इंजिनिअर मार्क रोबर. त्याचंही पार्सल दारातून गेलं होतं. त्याने चिडून एक फसवा डबा बनवला. डबा उघडला की चमकीचा फवारा, पाठोपाठ दुर्गंधीचा स्प्रे, आणि चारी बाजूंनी चोराचं शूटिंग करणारे चार फोन. डिसेंबर २०१८ मध्ये हा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. आम्हीही तो दोनदा पाहिला. नंतर त्या मुलानेच प्रामाणिकपणे पुढचं सांगितलं. व्हिडिओतले काही चोर चोर नव्हतेच, डबा दारात ठेवायला मदत करणाऱ्याच्या ओळखीची माणसं निघाली. रोबरने माफी मागून तो भाग काढून टाकला. मंगळावर गाडी नेणाऱ्यांच्या हातीसुद्धा सगळेच चोर अस्सल लागत नाहीत, हे ऐकून आम्हाला बरं वाटलं.

"आपण चमकीऐवजी मिरचीपूड भरू," एकजण म्हणाला. वकीलसाहेबांनी लगेच इशारा दिला, "डोळ्याला इजा झाली तर तक्रारदार चोर आणि आरोपी तुम्ही."

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बोलल्या. "पंचवटीच्या गावात राहून सूड कसले घेता रे? लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच, आणि रावणाने सीतामाईला दारातून नेलं तेही इथेच. नाक आधी, पळवापळवी नंतर. क्रम बघा. धडा शिकवायला गेले आणि त्यापायी लंकेपर्यंत जावं लागलं!"

सभा गप्प झाली. दारातल्या चोरीचा एवढा जुना दाखला आपल्या हद्दीत आहे, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रावणाला निदान भिक्षुकाचा वेष घ्यावा लागला. आताच्याला पाठीवर चौकोनी बॅग पुरते.

आजींचं माहेर पैठणचं. त्यांनी एकनाथांची गोष्ट सांगितली. नाथांच्या वाड्यात चोर शिरले, तर नाथांनी त्यांना जेवू घातलं आणि बोटातली अंगठीसुद्धा देऊन टाकली. गोदावरी एकच, पण तिच्या काठावर चोराशी वागण्याच्या दोन पद्धती आहेत हे त्या रात्री स्पष्ट झालं. वरच्या अंगाला नाशिकला नाक कापायचं, खालच्या अंगाला पैठणला पान वाढायचं. मतदान झालं. पैठणला आजींचं एकच मत पडलं. मी तटस्थ राहिलो, कारण कलपाचं पार्सल माझं होतं.

नाशिक पद्धतीची अंमलबजावणी सेक्रेटरींनी स्वतःकडे घेतली. चोराला इजा होऊ नये पण जन्माची अद्दल घडावी, म्हणून त्यांनी बाजारातून सुकट आणली, ओल्या फडक्यात बांधली, खोक्यात घातली, खोक्याला टेप मारला आणि वर आपलं नाव-फ्लॅट नंबर टाकून दाराबाहेर ठेवलं. मग ते सहकुटुंब सप्तशृंगीला गेले. संध्याकाळी परतले तर खोकं गायब. ग्रुपवर फटाक्यांची चित्रं उधळली गेली. चोर आता नाक धरून बसला असेल, या कल्पनेनेच लोकांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात वास येऊ लागला. ड्रेनेज तुंबलं म्हणून प्लंबर बोलावला. त्याने चेंबर उघडून पाहिलं, पैसे घेतले आणि "वास वरून येतोय" असं सांगून गेला. मग टाकीत उंदीर पडल्याचा संशय आला. टाकी रिकामी करून धुतली. चोराकडून धुऊन घ्यायची टाकी आम्ही पैसे देऊन धुतली, हे खजिनदारांना फार लागलं.

वासाचा माग काढत सगळे तिसऱ्या मजल्यावर पोचले. आजींना सर्दी झाली होती, त्यामुळे त्या निवांत होत्या. खोकं देवघराखालच्या फळीवर, गंगेच्या तांब्याशेजारी, नीट पुसून ठेवलेलं होतं.

"अरे, तुम्ही गडावर गेलात आणि पार्सल उघड्यावर! चोऱ्या होताहेत ना? म्हणून आत घेतलं," आजी म्हणाल्या. "प्रसाद आणलात का?"

सेक्रेटरींनी प्रसाद दिला. खोक्यात काय होतं हे आजींना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या सोवळ्याचा प्रश्न आहे.

खरा चोर कोण, हे आजतागायत कळलेलं नाही. मात्र चोऱ्या थांबल्या, कारण त्या दिवसापासून सगळी पार्सलं आजींकडे येतात. डिलिव्हरीची पोरं खाली वॉचमनला न विचारता थेट "पार्सलवाल्या आजी कुठे?" असं विचारतात. महागड्या वस्तूंचा ओटीपी आपण फोनवर भलत्यालाच सांगून बसतो. आजी मात्र पोरगा वस्तू हातात देईपर्यंत तो सांगत नाहीत, आणि तोवर त्याला पाणी देऊन त्याचं गावही विचारून घेतात. त्यांनी जुन्या डायरीत नोंदवही केली आहे: तारीख, फ्लॅट, वजन आणि शेरा. ‘शेरा’ या रकान्याची मात्र सगळ्यांना धास्ती आहे. पार्सल देताना त्या ते हलवून बघतात आणि शांतपणे विचारतात, "काय मागवलंस एवढं?" उत्तर दिल्याशिवाय पार्सल हातात पडत नाही. चोराने निदान हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

तरीही हिशेब करून पाहिला तर आजीच स्वस्त पडतात. प्लंबर, टाकीची धुलाई आणि सुकट एवढा खर्च करून सूड काही मिळाला नाही, आणि फुकटच्या शेजाराने सगळी पार्सलं वाचवली. म्हणून सणासुदीच्या सेलमध्ये बोट चालवण्याआधी एवढंच करा. समोरच्या दाराशी पार्किंगवरून अबोला असेल, तर आधी तो मिटवून घ्या आणि मग ऑर्डर द्या.