कडू लागतंय का?

जळोची बारामती नगरपालिकेच्या हद्दीत आली, ही बातमी सापांपर्यंत अजून पोचलेली नाही. ऊस तिथंच, उंदीर तिथंच, आणि शेतीची लाईट रात्रीची असली की दारं धरायला गेलेला माणूसही तिथंच. अनवाणी, मोबाइलच्या उजेडात.

साप चावला की आधी गाव गोळा होतं. एक जण टॉवेलनं मांडी करकचून आवळतो. दुसरा ब्लेड शोधतो. तिसरा कडुलिंबाचा पाला तोंडात कोंबून विचारतो, "कडू लागतंय का?" कडू लागलं तर म्हणे विष नाही, गोड लागलं तर चढलं. घाबरलेल्या माणसाच्या जिभेवर निदान! चौथा साप मारून बादलीत घेतो, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरांना तो नको असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर आपल्याकडचं प्रतिविष एकच. मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं, म्हणजे बादलीवाला दुसरा पेशंट.

खरा प्रथमोपचार आपल्या स्वभावाला न झेपणारा आहे. फार काही करायचं नाही. धीर द्या, सूज यायच्या आत अंगठी, कडं, घड्याळ काढा, मोडलेला पाय ठेवतात तसा पाय फळीला धरून स्थिर ठेवा, एक पाऊलही चालवू नका आणि 108 ला फोन लावा. करकचून आवळलं तर रक्त अडून पायच जायची वेळ येते. घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही, त्यावर ब्लेड मारणं म्हणजे नळ सोडून ठेवणं. मण्यार तर झोपेत चावते, धड दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरचे "पित्त झालंय" म्हणून सोडा पाजतात.

देशात साप चावून वर्षाला सरासरी 58 हजार माणसं जातात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून वारसांना 2 लाख मिळतात. त्याची कागदपत्रं कोणती, हे पारावर तोंडपाठ असतं. सरकारी दवाखान्यात प्रतिविष फुकट मिळतं, बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तरी आपली गाडी आधी देवळावरून जाते.

दवाखान्यात डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतात आणि 20 मिनिटं तिला हात लावत नाहीत. मग नळी तिरकी करतात. रक्त गोठलेलं नसलं की विष भिनलंय हे कळतं. पाला चघळून घ्यावा लागत नाही.

तेव्हा मंडळी, पाला झाडावरच राहू द्या. पाय थांबवा, गाडी पळवा. आणि आज रात्री दारं धरायला निघाल तेव्हा गमबूट घाला, हातात बॅटरी घ्या.