मावशीनं काय मागितलं?

आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगताना आपण गोपाळरावांपाशी अडकतो. त्यांचा हट्ट, त्यांचा संताप, बायकोला शिकवण्याचा तो ध्यास. कादंबरी आली, नाटक आलं, चित्रपट आला. पण अठरा वर्षांची ही मुलगी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिला घ्यायला कोण आलं होतं, हे विचारून बघा. बहुतेक जण गप्प होतात. थिओडिशिया कार्पेंटर हे नाव महाराष्ट्रात प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असायला हवं होतं. ते नाही, याचा मला राग आहे.

सुरुवात नकारानं झाली होती. गोपाळराव कोल्हापुरात टपाल खात्यात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, मला तिथं काही काम मिळेल का? पत्र पोचलं प्रिन्स्टनला, रॉयल वाइल्डर यांच्याकडे. वाइल्डर स्वतः कोल्हापुरात मिशनचं काम करून गेलेले. त्यांनी हा पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’त छापला. त्यांची अट सरळ होती: ख्रिस्ती व्हा, मग मदत करू. जोशी दांपत्यानं नकार दिला आणि विषय तिथंच मिटला.

तो उकरून काढला न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी. १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या असताना तिथं पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं. वाइल्डरसाहेबांनी वाचलेलंच पत्र त्यांनीही वाचलं आणि घरी जाऊन त्या कोवळ्या पोरीला पत्र लिहिलं, माझ्या घरी ये म्हणून. पुढं जवळपास तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानलं. जोशी दांपत्य पुढं कलकत्त्यात राहत असताना आनंदीबाईंचं डोकं सतत दुखे, अंगात ताप असे, दम लागे. मावशीनं अमेरिकेतून औषधं पाठवली. जहाजानं. न पाहिलेल्या भाचीला. गुण आला नाही तो भाग वेगळा.

निघण्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केलं. गाव बंगालमधलं, कॉलेज मिशनऱ्यांचं. तिथं उभं राहून त्यांनी सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. म्हणजे मावशीला कसलाही भ्रम नव्हता. येणारी मुलगी शाकाहारी असणार, लुगडं नेसणार, कुंकू लावणार आणि धर्म बदलणार नाही, हे सगळं आधीच ठरलेलं. तरीही दार उघडलं गेलं. ख्रिस्ती पाहुणचार म्हणतात तो मला इथं दिसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय काढून बघा. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट हे सगळं त्यात आहे. समोरच्याचा धर्म विचारून मग आसरा द्या, असं कलम त्यात कुठंही नाही. वाइल्डर पाद्री होते, अध्याय त्यांना पाठच असणार. आचरणात आणला तो रोझेलच्या एका गृहिणीनं.

आनंदीबाई ज्या कॉलेजात गेल्या, ते फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय क्वेकर पंथाच्या लोकांच्या पुढाकारानं १८५० साली निघालेलं. डीन होत्या रेचेल बॉडली. त्यांच्याकडच्या समारंभातलं १० ऑक्टोबर १८८५ चं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, दमास्कसच्या सबात इस्लामबूली. साडी, किमोनो आणि दमास्कसचा पेहराव. आपल्यात आलात तर आपल्यासारखे दिसा, असं कुणी त्यांना म्हटलं नसावं, नाहीतर हा फोटो असा निघालाच नसता. तिथली थंडी मात्र कुणाला चुकवता आली नाही. अन्न मानवेना, क्षयानं गाठलं. प्रेमळ यजमान मिळाले म्हणून परदेश सोसतोच असं नाही, हेही या गोष्टीत आहे आणि ते झाकून ठेवू नये.

आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला पोचल्या होत्या. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना घर दिलं, शिक्षणाची सोय केली, माया दिली. सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वाटेल की आता तर त्या घरच्याच झाल्या. उलट ताण तिथूनच वाढला. रमाबाई शाकाहार सोडेनात, तर त्यात जातीचा अभिमान दिसू लागला. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, असं विचारलं, तर तो उद्धटपणा ठरला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांपर्यंत मतं गेली. रमाबाईंनी मठातल्या सिस्टर जेराल्डीनना कळवलं की मी ख्रिस्ताला मानते, पण पूर्वजांच्या चालीरीती जमेल तेवढ्या पाळणार. सिस्टरचं प्रेम खरं होतं. इतकं कडाक्याचं भांडण झालं तरी रमाबाईंची पत्रं त्यांनीच जपली आणि संकलित केली, म्हणून १९७७ मध्ये ती छापता आली. पण त्या प्रेमाला आज्ञाधारकपणा हवा होता. रमाबाईंना ते घर पुरलं नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या सोहळ्याला त्या अमेरिकेत हजर होत्या, बॉडलीबाईंच्या निमंत्रणावरून.

पुढच्याच फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांचा विभाग त्यांची वाट बघत होता, तिथं त्या रुजूच होऊ शकल्या नाहीत. त्यांची रक्षा मावशीकडे गेली आणि मावशीनं ती पोकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली. ख्रिस्ती कुटुंबाच्या आप्तांमध्ये, ही ब्राह्मण मुलगी होती असं दगडावर कोरून. मेल्यावर तरी तिला आपल्यातली करून घेऊ, हा मोह तिथंही झाला नाही.

आता आजचं. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांत चर्चची माणसं नव्या विद्यार्थ्यांना विमानतळावरून घेऊन येतात, गादी देतात, टेबल देतात, बँकेत सोबत जातात. माझ्या भाचीला असंच एक वयस्कर जोडपं भेटलं. त्यांनी तिला एकदा चर्चला येतेस का विचारलं, ती नाही म्हणाली, विषय संपला. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तिला बोलावणं होतंच, आणि टर्कीपासून दूर, वेगळ्या डावासकट, तिच्यासाठी बिनमांसाची भाजी. घरी हे कळल्यावर नातेवाइकांचा पहिला शब्द आला, ‘सांभाळून हं, बाटवतील.’ गादी कुणी दिली, हे कुणीच विचारलं नाही. आग्रह करणारे असतात, मंडळातून पिच्छा पुरवणारेही असतात, त्यांना ठामपणे नाही म्हणावं. पण दिलेल्या प्रत्येक ताटाखाली सापळा शोधणं हा कृतघ्नपणा आहे, आणि तो आपल्याकडे शहाणपण म्हणून खपतो.

कारण आपली दारं बघा. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला येणारी मुलं आहेत, ईशान्येकडच्या राज्यांतल्या मुली आहेत. त्यांना खोली मिळवताना काय ऐकावं लागतं, हे कुठल्याही एजंटला विचारा. काय खाता, कुठला धर्म, मित्र येणार का, केस असे का? वाइल्डरसाहेबांनी निदान एकच अट घातली होती आणि ती छापून मोकळे झाले होते. आपण अकरा महिन्यांच्या करारात न लिहिता दहा घालतो. मुलगी अमेरिकेत गेली की मात्र तिला कुणी कार्पेंटरमावशी भेटावी, असं प्रत्येक आईला वाटतं. वाटू दे. पण अशी मावशी आपल्या मजल्यावर का नाही, याचंही उत्तर द्या.

आमच्या सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे. बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्यानं देऊ नये, असा ठराव विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकावर आहे. मी विरोधात बोलणार आहे, आणि आमची मागची खोली रिकामी आहे हेही तिथंच सांगणार आहे.