ज्ञानदा, फीआ आणि गप्प बसलेला एच

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

डब्लिनच्या बिऱ्हाडाचं हे पत्र सर्वांच्या वतीने आहे, म्हणून त्यात ‘मी’ कोणीच नाही. तुमचे चिरंजीव, सूनबाई आणि नात खुशाल. नात उत्तम झोपते, फक्त दिवसा.

‘तिकडच्या जिभेला झेपेल असं माया, रिया काहीतरी ठेवा,’ हा आत्याबाईंचा निरोप पोहोचला. सूनबाईंनी तो शांतपणे ऐकला आणि नाव ज्ञानदाच ठेवलं. मग चिरंजीव स्पेलिंगला बसले: डी, एन, वाय, ए, एन, ए, डी, ए. मराठी माणूस ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय आणि गुजराती जी-एन. मायदेशातच एका अक्षराचे तीन संसार, तर आयरिश नर्सने काय करावं, या काळजीत ते दवाखान्यात गेले.

नर्स ‘डिनयानाडा’पर्यंत पोहोचली, थांबली आणि तिने सरळ विचारलं, “तुम्ही घरी कसं म्हणता?” दोन-तीन प्रयत्नांत तिचं ‘द्न्यानदा’ झालं. पुण्यातलेही कितीतरी लोक तेवढंच म्हणतात. खूश झालेल्या चिरंजीवांनी तिच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं: सी, ए, ओ, आय, एम, एच, ई. ‘काओइम्हे’ ऐकून ती खुदकन हसली. उच्चार निघाला ‘क्वीवा’! देशाच्या काही भागांत ‘कीवा’ही म्हणतात.

पारंपरिक आयरिश वर्णमालेत अक्षरं फक्त 18. त्यात व्ही नाही, पण ‘व’ची ददात नाही. बी किंवा एमच्या मागे एच उभा राहिला की बहुतेकदा ‘व’ होतो. म्हणून एन-आय-ए-एम-एच म्हणजे नीव्ह. पूर्वी या एचच्या जागी अक्षराच्या डोक्यावर टिंब देत. विसाव्या शतकात रोमन टाइप रूढ झाला, टिंब गेलं आणि शब्दाशब्दात एच येऊन बसला. कुठे तो उच्चार बदलतो, कुठे शेजारच्या अक्षरालाही गप्प करतो.

शेजारच्या बाळाच्या नावात एच आणि त्याच्या आधीचा डी दोघेही गप्पच आहेत. एफ, आय, ए, डी, एच. उच्चार फीआ. रानहरणाशी नातं सांगणारं हे नाव दोन पिढ्यांपूर्वी क्वचितच ऐकू येई. मेरी, ॲन, मार्गारेट यांचा तो काळ. फीआच्या आईवडिलांनीही ‘चारचौघींत नसलेलं’ म्हणूनच ते निवडलं. आणखीही पुष्कळांनी नेमका हाच विचार केला. आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2021 च्या यादीत मुलींच्या नावांत फीआ पहिली आली! मुलांत पहिला जॅक, म्हणजे तिकडे नवल नाही. आता पाळणाघरात ‘फीआ’ अशी हाक मारली की एकीपेक्षा जास्त माना वळतात.

ज्ञानदाला हा धोका नाही. एका वर्षात तिघांपेक्षा कमी बाळांना मिळालेलं नाव ते कार्यालय जाहीरच करत नाही. त्यामुळे तुमची नात सरकारी यादीत बहुधा दिसणार नाही. सूनबाईंना याचा फार अभिमान वाटतो.

उच्चाराचा जाच मोठ्यांनाही चुकलेला नाही. अभिनेत्री सर्शा रोनन हिच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये ‘सर्शा’ शोधून सापडत नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात हा उच्चार शिकवण्यासाठी चक्क गाणं झालं.

बाबा, तुमच्या मालवणची गोष्ट तर आणखी गमतीची. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर 2017 मध्ये इथले पंतप्रधान झाले. त्या पदाच्या आयरिश नावाचं स्पेलिंग टी, ए, ओ, आय, एस, ई, ए, सी, एच आणि उच्चार ‘टीशक’. वराडकर या आडनावात व्ही, के अशी परकी अक्षरं असूनही इथल्या वार्ताहरांनी ते पाठ केलं. ‘रा’चा ‘रॅ’ होतो, तेवढं सोडून द्यावं.

तर उन्हाळ्यात याल तेव्हा तयारीने या. फीआची आजी महिनाभर ‘ज्ञानदा’ घोकते आहे. तुम्ही तिच्या नातीला ‘फियाध’ म्हणालात तर मराठी घराण्याची लाज जाईल. विमानात बसेपर्यंत फीआ, नीव्ह, क्वीवा आणि टीशक एवढं पाठ हवं.

कळावे, लोभ असावा.
डब्लिनचं बिऱ्हाड