आगाऊ सूचनेने थांबणारे काका

प्रीमियर पद्मिनी चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस गाडीबाहेरही ओळखू येतो. पंगतीत जिलबीचं ताट चार पानं लांब असतानाच तो आपल्या पानावर आडवा हात धरतो. कुणाकडे गेला की "बरं, निघतो मग" हे पहिल्या चहाबरोबर म्हणतो आणि दुसरा चहा संपल्यावर खरोखर निघतो. आपण थांबायचं ठरवलं आणि लगेच थांबलो, असं जगात घडतं यावर त्याचा विश्वास नसतो. मधल्या अवधीत सायकलवाला, म्हैस, मुख्याध्यापक, काहीही आडवं येऊ शकतं, हे त्याला चार ड्रम ब्रेकनी शिकवलेलं असतं.

आमच्या सोसायटीतले पद्मिनीवाले काका याच वाणाचे. गाडी १९७८ ची, घराणं कुर्ल्याचं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि चारही चाकांत ड्रम. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण पुढच्या अँबॅसिडरलाही ड्रमच होते. सगळेच उशिरा थांबत, त्यामुळे उशीर असा कुणालाच होत नसे. पंचाईत झाली ती पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या मारुत्या रस्त्यावर आल्या तेव्हा. मध्ये घुसायच्या आणि जागच्या जागी उभ्या राहायच्या.

काका त्यांनाही पुरून उरले. टिळक रोडने अलका चौकाकडे जाताना स. प. कॉलेज दिसलं की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघायचा. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवायचे, म्हणजे आतले लायनर सुकतात. खंबाटकीत "ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं" हे ते आरतीच्या ठेक्यात म्हणायचे. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खाली खाली जातं. हे ज्ञान काकांना नाकाने झालं होतं. जळक्या लायनरचा वास ते काकूंच्या आधी ओळखत, आणि काकू गॅसवरचं दूध दुसऱ्या खोलीतून ओळखणाऱ्या.

माझं मत विचाराल तर पुण्यात इतका सभ्य चालक दुसरा नव्हता. समोरच्याच्या मनात काय आहे याचा एवढा विचार लग्न जुळवणारेही करत नाहीत. हा सभ्यपणा काकांचा किती आणि ब्रेकचा किती, हे मात्र तेव्हा कुणाला कळायला मार्ग नव्हता.

मग सूनबाई, नातू चिनूची आई, एकदा अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाबा, चिनूला नको ना त्या गाडीत." जे घाटातल्या ट्रकना जमलं नव्हतं ते या वाक्याने केलं. काकांनी डिस्क बसवायचं ठरवलं.

फक्त पुढच्या चाकांना. पुढच्याच का, हे त्यांनी घरात सर्वांना समजावलं. ट्रेमध्ये भरलेले कप ठेवून ट्रे वेगाने पुढे नेला आणि एकदम थांबवला. चहा पुढे सांडला. "बघा, ब्रेक मारला की भार पुढे जातो, म्हणून खरं काम पुढच्या चाकांचं." काकूंनी फडकं आणून दिलं आणि मागच्या चाकांबद्दल काही विचारायचं असेल तर रिकाम्या कपांवर विचारा, असं सगळ्यांना बजावलं.

त्यानंतर काका सुट्या भागांसाठी नाना पेठेत राहायलाच गेले म्हणा ना. याच कंपनीच्या ११८ एनईला पुढे डिस्क होत्या, तेव्हा ते सामान म्हणजे घरचंच, असा त्यांचा हिशेब. पण घरचं माणूस सुद्धा आत आलं की सोफा सरकवावा लागतो. कॅलिपर बसवायला लेथवर ब्रॅकेट करून घ्यावी लागली. ब्रॅकेट बसली तर चाक कॅलिपरला घासायला लागलं. चाकाचं मिटलं तर ब्रेक लागेना, कारण ड्रममध्ये फिरतं चाक शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतं. ही फुकटची मदत डिस्कला मिळत नाही. तिला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टर हवा. बूस्टरला इंजिनचा व्हॅक्यूम हवा, शिवाय बॉनेटखाली जागा हवी. जागेसाठी बॅटरी हलली. बॅटरी हलली म्हणून वायरिंग निघालं. या टप्प्यावर काकूंनी खर्च विचारायचं सोडून दिलं आणि त्या डबा देताना नुसतंच "आज काय हललं?" असं विचारायला लागल्या.

सगळं बसल्यावर गाडी कात्रजच्या अलीकडेच जड झाली आणि पुढची चाकं तापली. काका हवालदिल. गॅरेजमधल्या उस्तादांनी विडी विझवली, मास्टर सिलिंडर उघडला आणि एक बारकासा व्हॉल्व्ह तळहातावर काढून दाखवला. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम ठेवायला तो असतो. डिस्कला तो ठेवला तर पॅड सुटतच नाहीत. "साहेब, जुन्या घरची सवय आहे, जायला वेळ लागतो," उस्ताद म्हणाले. ते व्हॉल्व्हबद्दल बोलत होते असं काका म्हणतात.

मग लाइनमधली एअर काढायचा कार्यक्रम. तो काकांनी गॅरेजमध्ये न ठेवता रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवला, कारण प्रेक्षक. पेडलवर काकू, चाकाखाली काका, ब्रेक ऑइलची बाटली धरायला मी. "मार, मार, मार... धर! ...सोड!" असा पुकारा तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होता. काकांनी आयुष्यात काकूंना इतक्या मोठ्याने हुकूम सोडलेले कुणी ऐकले नव्हते आणि काकूंनी ते इतक्या तत्परतेने पाळलेलेही. एकदा मात्र "धर" म्हटल्यावर काकूंनी मारलं. ऑइल काकांच्या चष्म्यावर. ते चुकून झालं, यावर मजल्यांमध्ये एकमत नाही.

खरा विरोध झाला तो जुन्या गाड्यावाल्यांच्या मेळाव्यात. तिथे मूळवाल्यांचा एक पंथ असतो. ही मंडळी बॅटरी लावून तुमच्या गाडीखाली शिरतात आणि खालूनच सुस्कारा टाकतात. "डिस्क? मग एसीही लावा की." गाडी पन्नाशीची झाली की २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिला विंटेज म्हणून 'व्हीए' नंबर मिळू शकतो, पण ती मूळ रूपात हवी, हा त्यांचा हुकमाचा पत्ता. काकांनी खिशातून नियमाची प्रत काढली. "चासी, बॉडी शेल, इंजिन. ब्रेक कुठे लिहिलंय? दाखवा." ज्याच्याकडे छापील कागद आहे अशा पुणेकराशी वाद घालू नये, हे मूळवाल्यांनाही मूळचंच ठाऊक होतं. तरीही काकांनी जुने ड्रम ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिवाणात ठेवलेत. २०२८ ला कुणी अडवलंच तर असावेत.

आता गाडी अप्रतिम थांबते. चिनू पुढे बसतो. पण काका बिघडले. अलका चौकाचा सिग्नल लाल झालेला दिसला तरी ते शेवटपर्यंत रेटतात आणि झेब्राच्या रेघेवर गच्च ब्रेक मारतात. रिक्षावाल्याला कट मारून वर त्यालाच "दिसत नाही का?" विचारतात. परवा आमच्याकडे आले, तेव्हा "निघतो" हा शब्द साडेदहापर्यंत निघाला नाही आणि निघाला तेव्हा वाक्य अर्ध्यावर सोडून ते थेट चपला घालायला लागले. जिलबी ताटात पडेपर्यंत हात मध्ये येत नाही.

अडचण एकच, की मागून येणाऱ्याला हे माहीत नसतं. पद्मिनी दिसली की तो निवांत असतो, ही काय थांबणार म्हणून. डिकीला दोन पोचे आले. तेव्हा काकांनी मागच्या काचेवर स्वहस्ते रंगवलेली पाटी लावली: "या गाडीस ब्रेक आहेत. मागील व्यक्तीने आपले तपासून यावे." मूळवाल्यांनी पाटीवरही हरकत घेतली आहे. १९७८ साली ती नव्हती म्हणे.